खुंटी, मणी आणि 33 व्होल्ट

पुण्याच्या जुन्या बाजारात एका गोणपाटावर जुन्या किल्ल्या, नटबोल्ट आणि फुटके रिमोट यांच्या ढिगात पत्र्याची एक डबी पडली होती. पत्त्यांच्या कॅटाएवढी, चारी बाजूंनी बंद. एका अंगाला अँटेनाची वायर खुपसायचं गोल भोक, दुसऱ्या अंगाला ओळीनं आठ-दहा पिना. विकणाऱ्याला ती कशाची हे ठाऊक नव्हतं. मी ओळखली. जुन्या रंगीत टीव्हीतला तो इलेक्ट्रॉनिक ट्यूनर होता.

घरी येऊन झाकण उचकटलं. आत तांब्याच्या तारेची इवली इवली वेटोळी उभी होती आणि त्यांच्या मधूनमधून तांदळाच्या दाण्याएवढे डायोड बसवलेले होते. फिरणारं काहीच नव्हतं. चाक नाही, दांडी नाही, स्प्रिंग नाही. तरीही एके काळी ही डबी आकाशातल्या गर्दीतून नेमकं एक स्टेशन निवडत होती. एकही भाग न हलवता निवड कशी होते, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला आहे. या लेखात त्याचं उत्तर आहे, आणि त्या उत्तरानं आपण काय पाहिलं, काय पाहू शकलो नाही, याचीही हकीकत आहे.

मराठीत आपण टीव्ही ‘लावतो’. तंबोराही लावतो, रेडिओही लावतो. मी मिरजेत वाढलो. त्या गावात तंबोऱ्याचे भोपळे उन्हात वाळताना दिसतात आणि तंबोरा लावणं म्हणजे काय, हे गाणं न शिकलेल्या पोरालाही माहीत असतं. आधी खुंटी पिळून तार सुराच्या आसपास आणायची, मग तारेवरचा मणी केसभर सरकवत ती नेमकी बसवायची. टीव्हीच्या बाबतीतही ‘लावणं’ हे क्रियापद अक्षरशः खरं होतं. स्टेशन आपल्या घरी चालत येत नसे. आपल्या संचाला त्याच्याशी जुळावं लागे.

पेटीचे बारा सूर

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यात चित्र दिसू लागलं. त्या काळातले कृष्णधवल संच म्हणजे लाकडी कपाट, पुढे सरकतं शटर आणि उजव्या हाताला एक जाडजूड नॉब. तो फिरवला की ‘खट्ट’ असा आवाज होई आणि बोटांना झटका जाणवे. त्या आवाजामागे एक पिंप फिरत असे. पिंपाच्या कडेला बारा पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एकेका चॅनलसाठी मोजून गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्या. नॉब एक घर पुढे सरकला की आधीची पट्टी बाजूला जाई आणि नवी पट्टी स्प्रिंगच्या पात्यांना येऊन टेकत असे.

या वेटोळ्या नेमकं काय करत, ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. आपल्याकडच्या पद्धतीत प्रत्येक चॅनलला 7 मेगाहर्ट्झ रुंदीची जागा दिलेली होती. उदाहरणार्थ चॅनल 4 चं चित्र 62.25 मेगाहर्ट्झवर, आवाज 67.75 वर. प्रत्येक चॅनलसाठी संचात वेगळी यंत्रणा बांधणं परवडणारं नव्हतं. म्हणून ट्यूनर स्वतःची एक लहर तयार करतो आणि ती हव्या त्या चित्रलहरीपेक्षा बरोबर 38.9 मेगाहर्ट्झ वर ठेवतो. दोन्ही लहरी एकत्र मिसळल्या की त्यांच्या फरकाची लहर मिळते. चॅनल कुठलाही असो, पुढच्या भागाकडे जातं ते 38.9 मेगाहर्ट्झच. चॅनल 4 साठी ट्यूनरची स्वतःची लहर 101.15 वर हवी, चॅनल 5 साठी 214.15 वर. टीव्ही लावणं म्हणजे हे अंतर राखणं.

पिंपाचा ट्यूनर हे पेटीसारखं वाद्य होतं. पेटीत प्रत्येक सुराची पितळी जीभ कारखान्यातच घासून ठरवलेली असते. वाजवणाऱ्यानं फक्त पट्टी दाबायची. इथेही सूर आधीच ठरलेले होते. नॉबभोवतीच्या दुसऱ्या कड्यानं थोडंसं इकडेतिकडे करता येई, तेवढाच मणी. बारा घरांपैकी बहुतेकांच्या संचात एकाच घरात वस्ती असे, फार तर दोन. बाकीच्या घरांत मुंग्या. मुंबईत दूरदर्शनची दुसरी वाहिनी आली तीही 1985 मध्ये.

पेटीच्या या ट्यूनरला एक मोठं दुखणं होतं, टेकणाऱ्या पात्यांचं. त्यांच्यावर काट चढे. मग चित्र थरथरे, नॉब दाबून धरल्यावर स्थिर होई, सोडला की पुन्हा थरथरे. घरोघर नॉबच्या फटीत घडी केलेला कागद खोचलेला असायचा. मेकॅनिक यायचा, मागचं झाकण काढायचा, पिंपाच्या पट्ट्या खोडरबरानं घासायचा. रोग फिरण्यातच होता आणि फिरणं बंद झाल्याशिवाय तो जाणार नव्हता.

फिरण्याची दुसरी अडचण, म्हणजे नॉबपाशी उठून जावं लागणं, अमेरिकेत आधी लक्षात आली. तिथल्या झेनिथ कंपनीनं 1956 मध्ये रॉबर्ट ॲडलर यांच्या कल्पनेवर आधारलेला रिमोट बाजारात आणला. त्यात ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर हातोडी बसे आणि कानाला न ऐकू येणारा उच्च स्वर निघे. तो ऐकून संचातली मोटर चालू होई आणि ट्यूनरची दांडी फिरवी. आरामखुर्चीतल्या माणसाच्या बोटाऐवजी मोटर फिरवत होती, एवढाच फरक. फिरवण्यातून सुटका झालेली नव्हती.

तार आणि ताण

ती सुटका एका डायोडनं केली. डायोडमधून वीज एकाच दिशेनं वाहते. उलट दिशेनं व्होल्टेज दिलं तर दार बंद. अनेक वर्षं अभियंत्यांना या बंद दाराचा उपयोग फक्त अडवण्यापुरता होता. पण दार बंद असताना आत काहीतरी घडत असतं. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे विद्युतभार मागे हटतात आणि मधे एक मोकळा पट्टा उरतो. दोन वाहक आणि मधे न वाहणारा थर, म्हणजेच कपॅसिटर. उलटं व्होल्टेज वाढवलं की पट्टा रुंदावतो आणि धारिता घटते. व्होल्टेज कमी केलं की पट्टा आक्रसतो, धारिता वाढते.

वेटोळं आणि कपॅसिटर यांची जोडी कुठल्या वारंवारतेला साद देणार, हे त्या दोघांवर ठरतं. पिंपाच्या ट्यूनरमध्ये वेटोळं बदलत होतं. इथे वेटोळं जागच्या जागी राहतं आणि त्याच्या जोडीदाराची धारिता व्होल्टेजनं बदलते. या डायोडचं व्हॅरिकॅप नावाचं रूप अमेरिकेत विकसित झालं आणि 1961 मध्ये त्याचं पेटंट दिलं गेलं. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या टीव्ही संचांत तो बसू लागला. पेटी जाऊन तार आली. पेटीचे सूर ठरलेले असतात. तारेवर ताण कमीजास्त करत कुठल्याही सुराला पोहोचता येतं. व्होल्टेज हा या डायोडचा ताण.

तारेलाही मर्यादा असते. वारंवारता दुप्पट करायची तर धारिता एक चतुर्थांश करावी लागते. आपल्याकडच्या चॅनल 2 चं चित्र 48.25 मेगाहर्ट्झवर आणि चॅनल 12 चं 224.25 वर. हे अंतर साडेचार पटीहून जास्त, म्हणजे धारिता एकवीस पटींहून अधिक बदलायला हवी. त्या काळच्या डायोडला साधारण पाच-सहा पटींपलीकडे जाणं जमत नव्हतं. म्हणून पल्ल्याचे तुकडे केले. चॅनल 2 ते 4 हा खालचा बँड, 5 ते 12 हा वरचा आणि त्याहून वर यूएचएफ. बँड बदलायचा म्हणजे आणखी एका जातीच्या डायोडला 12 व्होल्ट द्यायचे. तो डायोड वेटोळ्याचा काही भाग विजेपुरता गायब करतो. बँड ही खुंटी. 0 ते 30 च्या आसपासचं ट्यूनिंग व्होल्टेज हा मणी.

माझ्या टेबलावरच्या डबीत व्हॅरिकॅप डायोड एकापेक्षा जास्त आहेत, कारण अँटेनाकडून येणारी लहर निवडणारी वेटोळी वेगळी आणि ट्यूनरची स्वतःची लहर काढणारं वेटोळं वेगळं. एकच व्होल्टेज सगळ्यांना मिळतं आणि सगळ्यांनी एकदम, एकाच मापानं सरकायचं असतं. त्यासाठी कारखाने हे डायोड मोजून, जुळणारे एकत्र निवडून संच करत. चार तारा एका खुंटीवर लावायच्या तर चारही एकाच जातीच्या हव्यात, तसंच हे.

आठ बटणं

भारतात हे तंत्र रंगाबरोबर घरात शिरलं. 1982 मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, त्याच वर्षी दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि परदेशातून आणलेले सुटे भाग जोडून रंगीत संच बनू लागले. जाडजूड नॉबची जागा बटणांच्या ओळीनं घेतली. आमच्या घरी दशकाच्या मध्यात आलेल्या संचावर आठ बटणं होती. शेजारी एक छोटं झाकण. ते उघडलं की आत आठ चिमुकली चाकं आणि प्रत्येकाजवळ तीन जागांचा खटका: खालचा बँड, वरचा बँड, यूएचएफ. चाक अनेक वेढे फिरे. प्रत्येक वेढ्याला व्होल्टेज थोडंसं बदले. बटण दाबलं की त्या चाकावर ठरवून ठेवलेलं व्होल्टेज ट्यूनरला जाई, बस्स. संचाबरोबर आलेली प्लास्टिकची किल्ली पहिल्याच महिन्यात हरवली. त्यानंतर आईच्या शिलाई मशीनच्या डब्यातला बारका पेचकस कायमचा टीव्हीच्या डोक्यावर राहायला गेला.

मिरजेत तेव्हा एकच वाहिनी दिसत होती, तरी वडिलांनी दोन बटणं भरून ठेवली होती. पहिलं कोरड्या दिवसांसाठी, दुसरं पावसाळ्यासाठी. पाऊस लागला की पहिल्या बटणावरचं चित्र सरके, रंग उडत, आवाजात खरखर येई. मग दुसरं बटण. ‘महाभारत’ लागायच्या रविवारी वडील अर्धा तास आधीच संच चालू करत, तो गरम होऊन जागेवर येईपर्यंत कुणाला हात लावू देत नसत. मला तेव्हा वाटे की दमट हवेनं तंबोरा उतरतो, तसाच टीव्हीही उतरतो. ती निव्वळ पोरसवदा कल्पना नव्हती, हे फार पुढे समजलं.

व्हॅरिकॅप डायोड उलट्या दिशेनं जोडलेला असल्यामुळे तो जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही. म्हणून ट्यूनिंगच्या चाकापासून डबीपर्यंतची वाट मोठमोठ्या रोधांमधून नेलेली असते. अशा वाटेवर किंचितशी गळतीही महागात पडते. पॅनेलवर धूळ साचली, धुळीनं दमटपणा धरला की त्यातून नकळत वीज झिरपते, व्होल्टेज घसरतं आणि स्टेशन सुटतं. शिवाय बँडच्या खालच्या टोकाला डायोड फार हळवा असतो. तिथे व्होल्टेज किंचित हललं तरी वारंवारता बरीच हलते. त्यामुळे मूळ व्होल्टेज पक्कं ठेवण्यासाठी संचात दोन पायांचा एक छोटा घटक बसवत. तापमान कमीजास्त झालं तरी 33 व्होल्ट म्हणजे 33 व्होल्ट राखणं एवढंच त्याचं काम. तो थकला की सगळी आठही बटणं एकदम सरकत. मेकॅनिक लोकांच्या भाषेत ‘चॅनल स्लिप होतो’ म्हटलं की जाणकार आधी मल्टिमीटरवर हे 33 बघे, मग पॅनेल ब्रशनं धुऊन बल्बच्या उबेत वाळवे आणि ट्यूनरच्या डबीला सगळ्यात शेवटी हात लावी. डबी बदलणं सोपं होतं, पण दोष बहुधा डबीबाहेरच निघे.

सरकणाऱ्या चित्राला धरून ठेवण्यासाठी आणखी एक सोय होती. पुढचा भाग 38.9 पासून आपण किती ढळलो हे सतत मोजे आणि तेवढी दुरुस्ती ट्यूनरकडे परत पाठवी. पण चाक फिरवताना हीच दुरुस्ती आड येते. आपण सरकवू पाहतो, ती मागे ओढते. म्हणून कित्येक संचांत ते छोटं झाकण उघडलं की एक खटका दुरुस्ती बंद करत असे. आधी हातानं लावा, मग झाकण मिटा, पुढचं संच सांभाळेल. लावणं आणि सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या खटक्याला ठाऊक होतं.

अकरा जागा

1991 च्या आखाती युद्धानंतर केबल पसरली, 1992 मध्ये झी टीव्ही आला आणि आठ बटणं अचानक अपुरी पडली. इथे ट्यूनरच्या रचनेनं लोकांच्या पाहण्यावर थेट राज्य केलं.

जुन्या ट्यूनरचा पल्ला चॅनल 2 ते 4 आणि 5 ते 12 असा, म्हणजे व्हीएचएफमध्ये एकूण अकरा जागा. हवेतल्या प्रक्षेपणाला मधली पट्टी वापरता येत नव्हती, कारण तिथे एफएम रेडिओ, विमानांची संभाषणं आणि इतर सेवा होत्या. केबलच्या तारेत मात्र ती मोकळी होती. केबलचालकांनी तिथे नव्या वाहिन्या बसवल्या. त्यांना ‘एस’ बँड म्हणत, त्याच्या वरच्या भागाला हायपर बँड. पण घराघरातल्या जुन्या संचांचे ट्यूनर तिथे पोहोचतच नव्हते. चाक शेवटपर्यंत फिरवलं तरी मुंग्याच. मग त्या वाहिन्या ओढून जुन्या संचाला झेपेल अशा जागी आणणारे कन्व्हर्टर विकले गेले, नव्या संचांच्या खोक्यांवर हायपर बँडची जाहिरात छापली गेली.

ज्या अकरा जागा सगळ्या संचांना दिसत, त्यांना प्राइम बँड हे नाव पडलं. तिथे बसलेली वाहिनी झोपडीतल्या कृष्णधवल संचावरही दिसणार. ‘एस’ बँडमधली फक्त नव्या संचांवर. साहजिकच वाहिन्या या जागांसाठी केबलचालकांना पैसे मोजू लागल्या आणि ‘प्लेसमेंट’ हा व्यवसायाचा शब्द झाला. केबल टीव्ही कायद्यात 2000 मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यात दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि राज्याच्या भाषेतली एक वाहिनी प्राइम बँडमध्येच दाखवण्याचं बंधन घातलं गेलं. एका डायोडची धारिता किती पट बदलते, हा प्रयोगशाळेतला प्रश्न कायद्याच्या कलमापर्यंत पोहोचला.

1999 मध्ये अल्फा टीव्ही मराठी आणि 2000 मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाल्या. एकाच गल्लीत एका घरी मराठी वाहिनी स्वच्छ दिसे आणि दुसऱ्या घरी अजिबात नाही, असं का होई याचं कारण अनेकांना कळलं नाही. दोष केबलवाल्याला दिला जाई, तारेला दिला जाई. कित्येक ठिकाणी तो दोष नव्हताच. त्या घरातला संच वेगळ्या काळात जन्मला होता, एवढंच. कोणती भाषा कुणाच्या घरात पोहोचते हे ठरवण्यात अशा न दिसणाऱ्या भागांचा वाटा असतो, ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते.

स्फटिकाचा सूर

दरम्यान लावणाऱ्या हाताची गरजही संपत आली. चाकांच्या जागी मायक्रोकंट्रोलर आला. तो फार जलद चालू-बंद होणाऱ्या स्पंदांतून व्होल्टेज घडवी. चौदा बिटांच्या रचनेत 33 व्होल्टचे 16,384 तुकडे पडतात, म्हणजे एक पायरी सुमारे दोन मिलिव्होल्टची. कुणाच्याही बोटाला न जमणारा हा मणी. ‘ऑटो सर्च’ दाबलं की व्होल्टेज तळापासून चढू लागे, चित्राचा ताल पकडणारी खूण मिळाली की थांबे, आकडा मेमरीत लिहून पुढे जाई. पडद्यावर मुंग्यांतून एकेक चित्र उगवताना पाहायला घरातली सगळी पोरं जमत.

तरीही हे लावणं अंदाजाचंच होतं. अमुक व्होल्टेजला अमुक स्टेशन मिळालं, एवढंच संचाला माहीत असे. स्टेशन खरोखर कुठे आहे, हे त्याला माहीत नव्हतं. पुढच्या पिढीनं ती उणीव भरून काढली. संचात 4 मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवला, ट्यूनरच्या लहरीला ठरावीक संख्येनं भागून तिची तुलना या स्फटिकाच्या ठोक्याशी करत राहायचं आणि फरक दिसला की व्होल्टेज आपोआप हलवायचं. साधारण 62.5 किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी कुठलीही वारंवारता नेमकी पकडता येऊ लागली. आता पावसाळ्याचं वेगळं बटण नको. डायोड तोच, ताणही तोच. फक्त तो लावणारा कान स्फटिकाचा झाला.

मुंबईत 31 ऑक्टोबर 2012 ला ॲनालॉग केबल बंद झाली, पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत पुढच्या मार्चअखेर. 2022 च्या मार्चअखेर दूरदर्शननं मोजकी ठिकाणं वगळता ॲनालॉग प्रक्षेपक थांबवले. पण ट्यूनर संपला नाही. सेट-टॉप बॉक्समध्ये तो आहे. खिशातल्या मोबाईलच्या रेडिओ चिपमध्येही व्होल्टेजनं धारिता बदलणारा तोच घटक सिलिकॉनवर कोरलेला असतो आणि दिवसभर जुळवाजुळव करत असतो.

रात्रीचा प्रयोग

जुन्या बाजारातली डबी जिवंत आहे का, हे मला पाहायचं होतं. तिच्यासाठी आकाशात आता काही उरलेलं नाही. पण तिची स्वतःची लहर असते, आणि खालच्या बँडसाठी ती 87 ते 101 मेगाहर्ट्झच्या दरम्यान पडते. म्हणजे बरोबर एफएम रेडिओच्या पट्टीत.

एका रात्री टेबलावर मांडामांड केली. 12 व्होल्टच्या ॲडॉप्टरवरून डबीला आणि खालच्या बँडच्या पिनेला वीज दिली. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ओळीनं जोडून 27 व्होल्ट मिळवले आणि अनेक वेढ्यांच्या एका चाकातून ट्यूनिंगच्या पिनेला नेले. शेजारी खिशातला एफएम रेडिओ ठेवला, पट्टीवर कुठलंच स्टेशन नाही अशा जागी. त्यातून नुसता ‘सूं’ येत होता. आईच्या शिलाई मशीनचा तो पेचकस माझ्याकडे आहे. त्यानं चाक फिरवू लागलो.

एक वेढा झाला, दुसरा झाला. रेडिओचा ‘सूं’ तसाच. तिसऱ्या वेढ्याच्या मध्यावर तो क्षणभर दबला आणि पुन्हा आला. मी परत फिरलो, केसभर, मणी सरकवावा तसा. ‘सूं’ विरत गेला आणि थांबला. खोलीत काही ऐकू येईनासं झालं. डबीतला डायोड व्होल्टेजच्या ताणानं बरोबर त्या जागी आला होता आणि कुठलाही कार्यक्रम नसलेली त्याची कोरी लहर रेडिओनं धरून ठेवली होती.

तंबोरा पुरता लागला की तारा वेगवेगळ्या ऐकू येत नाहीत. लहानपणी वडील अशा वेळी खुंटीवरचा हात काढून घेत आणि आम्हाला गप्प बसायची खूण करत. मी पेचकस खाली ठेवला आणि बराच वेळ त्या शांततेला हात लावला नाही.